सांगितले तिथेच वाकलेली तुळई

मी, ओव्हिडियू क्राचुन, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त संगीतशिक्षक, राहणार तिमिशोआरा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. गुडघे गेले, बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. राहते घर माझी दिवंगत पत्नी, पोलादी बांधकामाची प्राध्यापिका स्मारांदा, हिच्या प्रयोगशाळेत बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या मुलामुलींना राहण्यासाठी द्यावे. तसेही अशी मुले आमच्याच स्वयंपाकघरात जेवून, वाद घालून मोठी झाली. भाचा होरिया म्हणाला, "मामा, घर परक्यांना, मग मला काय?" त्याला आलुबुखाऱ्याची बाग आणि दारूची भट्टी. मामीचे लेख त्याने कधी वाचले नाहीत, दारू मात्र मन लावून गाळतो.

२. अंगणातली वाकडी पोलादी तुळई भंगारात जाऊ नये. ती प्रयोगशाळेला द्यावी. स्मारांदाचे म्हणणे असे, की तुळई खांबाजवळ मुद्दाम थोडी कापून बारीक करावी. भूकंपात ती तिथे वाकेल आणि खांब वाचेल. विभागप्रमुख बर्सान भर सभेत म्हणाले, "बाई, आज तुळई कापताय, उद्या खुर्चीचे पाय कापाल."

ती म्हणाली, "सर, तुळई वाकली तर बदलता येते. खांब मोडला तर खालची माणसं कुठून आणू?"

त्यांनी तिला प्रयोगशाळेचे दार बंद केले. तिने रेल्वेच्या कारखान्यात, लोकांची सुट्टी झाल्यावर, तुळया वाकवून पाहिल्या. अंगणातली त्यांतलीच पहिली. बर्सान वारले तेव्हा ती फुले घेऊन गेली, मी गाडीतच बसून राहिलो. माझा राग मी कोणाच्याही नावे करत नाही, सोबत नेतो.

३. पुढे तिच्या विद्यार्थ्यांनी डोंगराकडच्या एका गावात इस्पितळ बांधले, तिच्याच पद्धतीने. तिथे मोठा भूकंप झाला. आजूबाजूची घरे बसली, इस्पितळ उभे राहिले. ती पाहायला गेली आणि तिथून मला फोन केला.

"ओव्हिडियू, वाकली रे. सांगितलं तिथेच वाकली." मग बराच वेळ नुसते रडणे ऐकू येत होते.

त्यानंतर तुळई आणि खांबाचा तिचा हा जोड बांधकामाच्या नियमांत आला, दूरदूरच्या देशांत शिकवला जाऊ लागला. विद्यापीठाला आता तिच्या नावाच्या पाटीवर, तिच्या लेखांचा आधार किती जणांनी घेतला, तो आकडा कोरायचा आहे. माझी त्याला हरकत आहे. नाव पुरे.

४. व्हायोलिन शेजारच्या दोइनाबाईंना. त्या बेसूर वाजवतात, पण रोज वाजवतात.

वरील सर्व मी वाचून, समजून सही केली आहे.

तिमिशोआरा, ९ ऑक्टोबर २०१९
ओव्हिडियू क्राचुन

साक्षीदार:
१) दोइना लुपेस्कु, शेजारीण.
२) इलिंका मुनतेआन, सुईण, त्या इस्पितळातली. भूकंपाच्या वेळी तिसऱ्या मजल्यावर एका बाईचे बाळंतपण करत होती. "पळाले नाही," म्हणते, "डोकं बाहेर आलं होतं." सही करायला ती मुद्दाम इतक्या लांब आली.