तुझ्या हातचा चिमटा

प्रिय माय,

तू गेलीस तेव्हा तुला पत्र लिहावं असं काही वाटलं नाही. तेव्हा माझं तुझ्याकडे काम नव्हतं. आता पडलंय, तर तू नाहीस. नेमकी वेळ साधून जाणं तुला जमलंच!

झालं असं, दिराच्या लग्नात डीजे सुरू झाला आणि मी मंगल कार्यालयाच्या बाथरूममध्ये कान दाबून बसले, ती वरात गेल्यावरच बाहेर आले. सासरच्यांनी तोंडं वाकडी केली. नवऱ्याने मात्र जळगावातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही कदाचित ऑटिस्टिक असाल, कदाचित नसालही. लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेलं कुणी हवं. आईला घेऊन या."

आईला घेऊन या! मी म्हटलं, "तिला तापीत सोडलंय." बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. असं बोलायचं नसतं, हे मला घरी आल्यावर कळलं. तू शेजारी असतीस तर तिथेच चिमटा काढला असतास.

आठवतो ना तुझा चिमटा? शिरपुरात कुणी गेलं की आपण दारावर रडायला जायचो. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून टाहो फोडायच्या आणि मी त्यांच्या बांगड्या बघत उभी. मग फ्रॉकखालून तुझी नखं मांडीत रुतायची. "रड ना वं! बठ्ठ्या बाया देखी राह्यन्यात." मी रडायचे. पोर किती मायाळू, असं बायका म्हणायच्या, आणि तू पदरात हात घालून तो सावरत बसायचीस.

माणसांच्या डोळ्यांत बघायलाही तूच शिकवलंस, हनुवटी धरून. "मना डोयामा देख!" नजर खाली गेली की कानाखाली. भरीत माझ्या घशाखाली उतरायचं नाही, तर नाक दाबून भरवलंस. वर शेजारणीला सांगितलंस, पोरीला भरीत फार आवडतं!

शिकवणी पक्की होती हं तुझी. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुम्ही तर छान डोळ्यांत बघून बोलता. मी त्यांच्या भुवयांच्या मधोमध बघत होते गं! आता मलाच कळत नाही, मुळात मी कशी होते? जन्मतःच वेगळी, की चारचौघींसारखीच, फक्त काळजाने कोरडी? एवढंच मला हवंय. वेगळी असेन तर निदान माणूस आहे. नाहीतर मग मामी म्हणाली तेच खरं.

तुझ्या दारावर आली तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली. तिच्या तपकिरीचा वास आला आणि मी तिला ढकललं. "दगड शे दगड! माय मरी गई तरी डोयाले पानी नही." सगळ्यांनी ऐकलं. चिमटा काढायला तू नव्हतीस, मग रडणार कशी?

शेवटी सोनगीरला मावशीकडे गेले. तुझी पाठची बहीण, तिने मला अंगाखांद्यावर खेळवलंय. विचारलं, मी लहानपणी कशी होते? ती शेंगा फोडत होती. मान वरही न करता म्हणाली, "तुनी माय व्हती तशीच. ती बी रडे नही. मंग आमनी माय तिले चिमटा काढे. मोठी व्हयनी, मंग सोताच काढाले लागनी."

स्वतःच! तुला शेवटची आंघोळ घालताना तुझ्या दंडाच्या आतल्या बाजूला काळेनिळे डाग दिसले होते. मला वाटलं, सलाईनच्या सुया. म्हणजे त्या सगळ्या दारांवर तू पदर सावरत नव्हतीस.

म्हणजे तुला माहीत होतं! दुसऱ्या कुणी केलं असतं तर म्हटलं असतं, बिचारीला काय कळतंय. तुला कळत होतं. कुठे दुखतं, किती दुखतं, सगळं. मावशीला वाटलं, आता तरी हिला आईची कीव येईल. नाही आली. राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. एका गोधडीत निजायचो आपण. एकदा तरी कानात सांगायचंस ना, "मले बी रडू येत नही"! तेवढ्यावर मी सगळं लहानपण काढलं असतं.

मावशीला घेऊन पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहे. त्या काय ठरवतील ते ठरवोत. तुझ्याबद्दल मात्र मला विचारायची गरज उरली नाही.

तुझं वर्षश्राद्ध आलंय. गोतावळा जमेल, बायका पुन्हा टाहो फोडतील, मामी माझ्या डोळ्यांकडे बघत बसेल. माय, मी तुला शब्द देते, तुझ्यासाठी मी रडणार नाही. एक टिपूसही नाही. दंडाला हात न लावता, सगळ्यांच्या देखत, कोरड्या डोळ्यांनी उभी राहीन. आपल्या दोघींपैकी एकीने तरी एकदा तसं उभं राहायला हवं.

तुझ्यावरच गेलेली,
रेखा