सातव्या पानावरचा नियम

मुलुंड (पूर्व),
गुरुवार, १४ मार्च २०२४

चि. सौ. गंधालीस,

अनेक आशीर्वाद. तुमचं नाहूर इथून एका स्टेशनावर, आणि सासऱ्याने सुनेला पत्र लिहायचं, म्हणजे हसशीलच. हस. फोन करताना तुझ्या सासूबाई शेजारी उभ्या असतात, आणि मला जे सांगायचंय ते विमलासमोर बोलण्याइतका मी शूर नाही. ती बिरड्याचा डबा घेऊन येतेय, त्याच पिशवीत हे पाकीट आहे. तिला सांगितलंय, श्रेयसचे बँकेचे कागद आहेत.

इकडे सगळं ठीक. रविवारी विमलाने मला त्या व्यापाऱ्यांच्या पटावरच्या खेळात सरळ हरवलं. नकाशावरच्या जुन्या युरोपातल्या गावांची नावं तिच्या तोंडी अजून बसत नाहीत. तिची आपली ठाणे, कल्याण, भिवंडी. "भिवंडीची वाट अडवलीत ना, आता बघाच," म्हणाली आणि खरंच दाखवलं. पण दोघांत मजा नाही गं. तुमचे हिरवे आणि पिवळे व्यापारी डब्यातच पडून असतात.

श्रेयस म्हणाला, या रविवारी घाटकोपरला याच खेळाची स्पर्धा आहे आणि तू नाव दिलंयस. झकास! ऐकून आनंद झाला आणि पाठोपाठ घाम फुटला.

लग्नानंतर तू हा खेळ घरी आणलास, तेव्हा "नियम मी वाचणार" म्हणून मी पुस्तिका ताब्यात घेतली. ऑफिसात जन्मभर परिपत्रकं वाचलेला माणूस मी! विमलासाठी नियम वहीत मराठीत उतरवले आणि पुढे आपण सगळेच वहीवर खेळलो. पुस्तिका हरवली, असं मीच सांगितलं होतं. ती हरवलेली नाही. माझ्या कपाटात होती, स्वेटरांखाली.

सातव्या पानाच्या तळाला एक नियम आहे. वाटेत बसलेल्या दुसऱ्याच्या व्यापाऱ्याला उठवता येतं, पण त्याला शेजारच्या वाटेवर जागा द्यायची आणि वर एक जादा व्यापारीही द्यायचा. वहीत मी फक्त उठवण्याचं लिहिलं, बदल्यात द्यायचं ते गाळलं. वही लिहिता लिहिता खेळलेल्या पहिल्याच डावात तुझा हिरवा माझ्या वाटेत होता आणि नव्या सुनेसमोर हरायची मला लाज वाटली. मग दर रविवारी तुला उठवत गेलो. तू दर वेळी आपला व्यापारी मुकाट्याने डब्यात ठेवायचीस. स्पर्धेत तशीच खेळलीस तर पहिल्या फेरीतच बाहेर पडशील, आणि दोष माझा असेल.

एवढंच लिहून थांबणार होतो.

गॅलरीतलं ते टेबल तुझं होतं. घरून काम करायला तू तिथे बसायचीस. मी रिटायर झालो आणि उजेड चांगला म्हणून माझी घड्याळदुरुस्ती तिथे मांडली. तू "असू दे भाऊ" म्हणालीस आणि लॅपटॉप घेऊन ओट्याशेजारी बसायला लागलीस. सहा महिन्यांत तुम्ही नाहूरला गेलात. मी सगळ्यांना सांगतो, मुलांना मोठी जागा हवी होती. तुमचं घर आपल्यापेक्षा लहान आहे, हे मला दिसत नाही का? तुला मी उठवलं आणि बदल्यात काहीच दिलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. माफ कर मला.

पुस्तिका सोबत ठेवली आहे, सातवं पान दुमडलंय. शनिवारी नीट वाच आणि रविवारी एकेकाला दाखव. कोणी तुला उठवलं तर हसत उठ आणि आपला जादा व्यापारी मागून घे, भिडेखातर सोडू नकोस.

कालच गॅलरी मोकळी केली. घड्याळं बेडरूममध्ये नेली. "काय हो, अचानक?" विमलाने विचारलं. म्हटलं, उजेड डोळ्यांवर येतो. टेबल पुसून ठेवलंय. तू परत राहायला ये, असं मी म्हणणार नाही, तुमचा संसार तिथे छान चाललाय. पण कधी इथून काम करावंसं वाटलं, तर जागा आहे.

आता या वेळी उठलेला मी आहे, तेव्हा नियमाप्रमाणे एक जादा व्यापारी मलाही मिळायला हवा. स्पर्धेनंतरच्या कुठल्याही रविवारी पाठव. हिरवाच हवा.

तुझ्या टेबलावरून उठलेला,
भाऊ