अकरा पानांचा फॉर्म

पिनर, रविवार दुपार

तीर्थस्वरूप जयंतकाकांस,

शशिधरचा वाकून नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे काकूंकडून कळलं. ब्रिस्टलचे चढ आता जपून चढा. इकडे आम्ही बरे आहोत (म्हणजे पाठ दुखते, बॉयलर कण्हतो, पण बरे).

तुम्हाला माहीतच आहे, तरुणांना नोकरीची वाट दाखवायची म्हणून अठरा वर्षं मी कौन्सिलमध्ये त्यांचे अर्ज तपासतोय. यंदा वरून हुकूम आला, ही वाट तरुणांना विचारूनच आखा. मी मंगळवारी सकाळी दहाला मीटिंग ठेवली, सामोसे मागवले. एकही तरुण फिरकला नाही. (चौदा जणांचे सामोसे आम्ही तिघा ऑफिसरांनी संपवले, माझं पित्त गुरुवारी उतरलं.) मग संध्याकाळी सहाला बोलावलं, तेव्हा नऊ जण आले. त्यांत वेम्बलीची तनू, वय एकोणीस, आजोबा मूळचे सांगलीचे. एकशे बारा अर्ज केलेले, उत्तरं आलेली चार. तिने सरळ विचारलं, "अंकल, तुमची फॉर्म तुम्ही कधी भरली आहे?" (लिंग चुकलं होतं, मुद्दा नाही.)

मी हसत भरायला बसलो. पद होतं लायब्ररीत पुस्तकं लावायचं. पानं अकरा. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून नव्वद सेकंदांत ही नोकरी मलाच का हवी, ते सांगायचं. मी चष्मा शोधून घसा खाकरेपर्यंत वेळ संपला. चार मिनिटांत ईमेल आला: या वेळी आपली निवड होऊ शकली नाही. आठ जण पोट धरून हसले. तनू हसली नाही. म्हणाली, "बाबा रोज विचारते, काय उत्तर आला? ‘नाही’ असं तरी कोण म्हणतो, अंकल? तुम्हाला फोर मिनिट्समध्ये म्हणाले, यू आर लकी."

काका, उत्तर न गेलेले अर्ज माझ्याच विभागात पडून असतात. मला मान वर करवेना.

पुढच्या सहा संध्याकाळी ती मुलं भांडत बसली आणि मी चहा देत बसलो. शेवटी ठरलं: फॉर्म एका पानाचा, एक दिवस प्रत्यक्ष काम करून बघायचं, आणि नाही म्हणायचं तरी माणसाने फोन करून. आमच्या वरिष्ठ देवयानी मॅडम म्हणाल्या, "इतके फोन करणार कोण?" तनू म्हणाली, "आम्ही." झालं, मंजूर. इतकं सोपं काम अठरा वर्षांत मला सुचलं नाही, याचाच शीण जास्त आहे.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
शशिधर

ता. क. तुमच्या जुन्या कारखान्यात अजून कोणी ओळखीचं उरलंय का? एकासाठी शब्द टाकायचा होता. तनूसाठी नव्हे, तिला कौन्सिलने त्या फोनच्या कामावर घेतलं, आणि छान करते.

आणखी एक ता. क. अकरा पानं गेली, तसा ती तपासणारा विभागही गेला. शिफारशीवर सही माझीच. मी मार्चपर्यंत आहे. वय त्रेपन्न, काम कुठलंही चालेल. हिला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा फोन कराल तो घरच्या नंबरवर नको, माझ्या मोबाइलवर करा.