उंचीची रेघ

३ मार्च
पोचलो एकदाचे! मी आणि माझी आठ वर्षांची चिमणी. डोंगरावर, धरणाच्या काठी दोन खोल्या, नळाला चोवीस तास पाणी. लेकीने आल्या आल्या मनसोक्त आंघोळ केली. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, सूक्ष्मदर्शक आणि माझी डुगडुगती खुर्ची. डॉक्टरांनी काम समजावलं. खालच्या गावांत कालव्यातल्या गोगलगायींतून जंत पाण्यात सुटतात, माणसाच्या कातडीतून आत शिरतात, मग लघवीतून रक्त जातं. इतक्या उंचीवर मात्र पाणी गार, गोगलगाय जगत नाही. म्हणून नकाशावर लाल रेघ. रेघेच्या वरच्यांची तपासणी नाही, औषधही नाही. माझं काम निम्मं झालं. मला काय, आनंदच!

११ मार्च
धरणाच्या पायऱ्यांवर खडूच्या खुणा दिसल्या, तारखांसकट. प्रत्येक पुढची तारीख एक पायरी वर. माझ्या आधीचे तंत्रज्ञ गोगलगाय दिसेल तिथे खूण करायचे म्हणे. शिपाई म्हणाला, साहेबांचं डोकं फिरलं होतं, सामान टाकून निघून गेले. चिमणी काड्यापेटीत मणी जमवतेय. मला दाखवत नाही, गुपित आहे!

२ एप्रिल
धरणाच्या पाण्यात हात घातला. कोमट. अडवलेलं पाणी दिवसभर उन्हात तापतं, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? चिमणीला काठावर जायची सक्त बंदी. रडली, पण मी बधले नाही. अंगावर पुरळ आहे तिच्या. डॉक्टर म्हणाले, डास.

१९ मे
पंपघराच्या भिंतीवर खडूची खूण. खाली जिवंत गोगलगाय, करंगळीच्या नखाएवढी. डॉक्टर हसले. म्हणाले, कुणाच्या बुटाला चिकटून आली असेल.

८ जून
चिमणीची लघवी लाल. औषध मागितलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही रेघेच्या वर राहता.

९ जून, दुपार
मीच तपासलं. जंताचीच अंडी. टोकाला काटा. सात मोजली, पुढे मोजवेना. पण ती पाण्याकाठी गेलीच नाही. शपथ घेतली तिने माझी. मग कुठून—

शिपायाला विचारलं. खालच्या गावांना गाळलेलं पाणी. आम्हाला सरळ धरणातून. रेघेच्या वर ना आम्ही.

आमच्या पाण्याच्या टाकीवर चढले. झाकणाच्या आत खडूची खूण. भिंत काळी— हलतेय—

लिहून ठेवते, पुढच्या माणसाला कळावं. औषध आणायला खाली जातेय, कपाट फोडावं लागलं तरी— न्हाणीत नळ चालू आहे. चिमणे, बंद कर तो! ऐकत नाही. आतून हसतेय. म्हणते, आई, आज किती मणी पडताहेत बघ, ओंजळ भरून—