चादरीचं दुसरं टोक

प्रिय विभा,

कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय, मोबाइलवर टाइप करणं माझ्याच्याने होत नाही. दचकू नकोस, तुझे दाजी आहेत तसेच आहेत. झटक्याने अंग पडलं, वाचा गेली, पण नजर तल्लख आहे. इथल्या अमौसी विमानतळावर उतरणारं विमान वॉर्डच्या खिडकीतून दिसलं की त्याच्या मागेमागे जाते. मानक नगरच्या रेल्वे ऑफिसात सगळी नोकरी झाली, पण या रेल्वेवाल्याला वेड विमानांचं!

माझं लक्ष मात्र त्यांच्या पाठीवर. पडून राहिलेल्या माणसाला दाबाने जखमा होतात, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी, चादरीला चुणी नको. ज्यांनी जन्मात पांघरुणाची घडी केली नाही, त्यांची चादर मी ताणत बसते. आणि ओढायचं नाही, उचलायचं. ओढलं की कातडी सोलवटते. उचलायला दोघं लागतात, अन् सिस्टरना अख्खा वॉर्ड बघायचा असतो.

शेजारच्या खाटेवर इथल्याच सरोजिनी नगरच्या पद्मिनीची सासू होती. पद्मिनी आमच्या चादरीचं एक टोक धरायची, मी त्यांच्या. दरवेळी ‘दीदी, पहले आपके’ म्हणून आधी यांनाच वळवायची. गेल्या आठवड्यात सासूला घरी सोडलं. आनंद झाला गं, पण ती गेल्यावर मी जिन्यात बसून रडले. आता त्या खाटेवर एक आजोबा आहेत, त्यांच्याजवळ कुणीच नसतं. अमोघ पुण्याहून म्हणतो, मम्मी, आदमी रख लो. ठेवला होता, तो दोन दिवसांत पळाला.

काल सिस्टर दुसरीकडे अडकल्या होत्या, म्हणून मी एकटीनेच ओढलं. माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोटाने दाबला की पांढरा पडायला हवा, तो पडला नाही. सिस्टर म्हणाल्या, कातडी अजून फुटलेली नाही, आता जपलं तर निभावेल. ते ऐकून यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तू फोन करतेस तेव्हा मी त्यांच्या उशाशी असते, आणि त्यांचे कान शाबूत आहेत. म्हणून तुला रोज सगळं छान चाललंय सांगते. जे त्यांच्यादेखत बोलता येत नाही, ते इथे लिहिते. विभा, मला एकटीला होत नाही. ये.

वाटेकडे डोळे लावलेली तुझीच,
वसुताई