धाकट्याच्या गावची माती

अल्लाहचं नाव घेऊन आणि त्याच्या दयेवर भरवसा ठेवून लिहून ठेवते की, मी, पुस्तकबांधणीचा धंदा करणारी, गल्लीत सगळ्यांची आपा, पतीच्या मागे एकटी राहणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना करत आहे. माझी फुप्फुसं निकामी होत चालली आहेत, डोकं नाही. नाकात प्राणवायूची नळी असल्याने मी तुटक तुटक सांगितलं. वकीलबाईंनी ते जोडून लिहिलं. मधूनमधून त्या म्हणत, "आपा, हे कायद्यात बसत नाही." मी म्हटलं, तरी राहू द्या.

१. वारस. मला मूलबाळ नाही, आईवडील हयात नाहीत. पाठची बहीण, जिला आम्ही मधली म्हणतो, आणि भाऊ, धाकटा, हे दोनच वारस. शरियतने ठरवलेले त्यांचे हिस्से मला बदलायचे नाहीत. मृत्युपत्राने देता येतो तो एक तृतीयांश. तो कलम ३ व ४ मध्ये देत आहे.

२. राहतं घर. हे मधलीने आपल्याकडे ठेवावं आणि धाकट्याचा वाटा त्याला रोख पोहोचवावा. दोघांनाही हे मान्य आहे. आपाने लाडक्या भावाला घरातून बेदखल केलं, असं नातेवाईक कुजबुजतील, म्हणून कारण लिहिते.

धाकटा उंच इमारतींना काचा बसवायचा. एकदा उंचावर लटकून काम करायचा पाळणा तुटला आणि तो व त्याचा जोडीदार दोघे खाली आले. जोडीदार जागीच गेला. धाकट्याच्या पाठीचं हाड मोडलं, पण जीव वाचला. पाठीसाठी गोळ्या सुरू झाल्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. मी ओरडले की म्हणायचा, "आपा, डॉक्टरनं दिल्यात. औषध कधी हराम असतं का?" डॉक्टरने बंद केल्यावर कोपऱ्यावरचा औषधवाला चिठ्ठीशिवाय देऊ लागला.

मी त्याला इमामसाहेबांकडे नेलं. त्यांनी तौबा करवून घेतली. धाकटा हमसून हमसून रडला, काही दिवस मशिदीत पहिल्या रांगेत उभा राहिला आणि पुन्हा घसरला. तौबा मोडली म्हणून लाज, आणि लाज सोसवेना म्हणून गोळी. पुढे पुढे तर मशीद टाळायला तो लांबच्या रस्त्याने जायला लागला. मग दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे नेलं. बाई मायाळू, पण पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "अल्लाहचं नंतर बघू, आधी तुमच्याबद्दल बोला." घरी आल्यावर धाकटा म्हणाला, "आपा, त्या मला अर्धाच आत बोलावतात. उरलेला अर्धा बाहेर ठेवून कसा बसू?"

मी हे बाईंच्या कानावर घातलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "तुमचे इमामसाहेब इथे येतील का?"

ते आले. दात काढायला आल्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. धाकट्याच्या आग्रहाने मीही होते. बाई हळूहळू त्याला त्या पडण्याच्या दिवसापाशी घेऊन गेल्या. तो बोटं मोडू लागला. मग म्हणाला, "तो पाच वेळचा नमाजी होता. मी फक्त जुम्म्याचा. अल्लाहनं चुकून मला वाचवलं. ती चूक मी दुरुस्त करतोय."

माझा भाऊ नशा करतो, एवढंच मला तोवर कळलं होतं. तो रोज थोडा थोडा जीव देत होता.

बाई इमामसाहेबांकडे वळल्या. "याचं उत्तर मी दिलं तर त्यांना पटणार नाही," त्या म्हणाल्या. इमामसाहेब उठले आणि धाकट्यासमोर सरळ जमिनीवर बसले. "बाळा, अल्लाहची चूक झाली म्हणतोस? एवढी मोठी गोष्ट बोलायची माझी अजून हिंमत झाली नाही." धाकट्याला रडता रडता हसू फुटलं. ते म्हणाले, "तुला ठेवलंय, कारण तू त्याला हवा आहेस. कशासाठी, ते मला ठाऊक नाही. मला का ठेवलंय, तेही ठाऊक नाही. रोज उठून विचारतो."

तिथून दोघांनी मिळून त्याला धरलं. नमाजाआधी हातपाय धुताना, म्हणजे वुजू करताना, पाणी हातावर घ्यायचं आणि थांबून स्वतःला विचारायचं: तलफ कुठे आहे, छातीत की पोटात? कशाने आली? हे बाईंनी सुचवलं. इमामसाहेब म्हणाले, यात वावगं काही नाही. घसरला की त्याने लपायचं नाही, दोघांपैकी एकाला गाठायचं. इमामसाहेब 'का केलंस' ऐवजी 'त्याआधी काय झालं' असं विचारायला शिकले. बाई इन्शाअल्लाह म्हणायला शिकल्या. उच्चार अजून चुकतो.

पुढे बाईंनी त्याला दुसऱ्या गावच्या व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. तो तिथेच सावरला. आता दुकानांच्या काचा बसवतो, जमिनीवर उभं राहून. तिथल्याच एका शिक्षिकेशी त्याचा निकाह झाला. त्यानंतर एकदा तो घरी आला. जेवला, जरा पाय मोकळे करून येतो म्हणाला आणि परतला तेव्हा त्याचे डोळे पाहून मी समजले. खाटेवर पडून म्हणाला, "आपा, या गल्लीला माझं नाव पाठ आहे."

"मग येऊ नकोस," मी म्हटलं. हे कुणी मला शिकवलं नव्हतं.

दम होता तोवर मी त्याच्याकडे जात होते. आता डॉक्टर उंबऱ्याबाहेर सोडत नाहीत. जुम्म्याला तो फोनवर दिसतो, म्हणजे त्याचं कपाळ दिसतं. "चेहरा दाखव की रे," मी म्हणते. "दिसतोय ना," तो म्हणतो. जिन्यात कुणी धाकट्यासारखं दोन-दोन पायऱ्या चढत आलं की मी नळीसकट उठून बसते. वरच्या मजल्यावरचा शिकवणीवाला असतो. बिचाऱ्याचा काय दोष, पण त्याला सलामाचं उत्तर देताना माझा आवाज रुक्ष होतो, त्याबद्दल त्याने माफ करावं. येतो म्हणून धाकटा आजही विचारतो, आणि नको म्हणताना मला तोंड फिरवावं लागतं.

घरात त्याचा वाटा न ठेवण्याचं कारण हे. वाटा असला की माणूस येतो.

३. हत्यारं. पुस्तकं दाबायचा शिकंजा, दाभणं आणि कातड्याची सुरी मधलीच्या मुलीला. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ आहे. शिकंज्यात अंगठा सापडतो, सांभाळावं.

४. पुढची खोली, जिथे माझं दुकान होतं, ती इमामसाहेब आणि समुपदेशक बाई यांच्याकडे सोपवते. व्यसनात अडकलेल्यांच्या आयाबहिणींना तिथे बसता यावं. दोघांचं भांडण झालं तर खोलीबाहेर करावं.

५. राग. औषधवाल्याला मी माफ केलेलं नाही. तो माझा आणि त्याचा अल्लाहसमोरचा मामला. नात्यातल्या एका निकाहात मामांनी धाकट्याला नशेबाज म्हणून सगळ्यांदेखत आपल्या शेजारून उठवलं होतं. त्यांना माफ केलं आहे. जनाज्याला यावं, भाषण करू नये.

६. दफन. मला इथे, पतीशेजारी दफन करू नये. त्यांची मनोमन परवानगी घेतली आहे. हयातीतही ते माझं ऐकायचे. मला धाकट्याच्या गावच्या कब्रस्तानात न्यावं. इमामसाहेब म्हणाले, "मय्यत एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊ नये, असं सांगतात." मी विचारलं, "हराम आहे?" "हराम म्हणवत नाही." "मग?" त्यांनी बोटांवर तास मोजले. मग म्हणाले, "सकाळी निघालो तर असरच्या नमाजाआधी पोहोचू. मी गाडीत बसेन."

धाकट्याने कबरीत उतरून मला आपल्या हातांनी ठेवावं. त्याला इथे बोलावू नका. आपा निघाली आहे, एवढंच कळवा.

वरील सर्व मला वाचून दाखवलं, ते माझ्या मनासारखं उतरलं आहे, म्हणून सही करते.

ठिकाण: माझं राहतं घर
दिनांक: ९ फेब्रुवारी, शुक्रवार

सही: आपा, पुस्तकबांधणीवाली

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली आणि ज्यांना यातलं काही मिळणार नाही:
१. छातीचे डॉक्टर
२. समोरचे शिंपीकाका