लस नको म्हणणारी घरं

३ तारीख, सोमवार

आज रुजू झाले. जनावरांचा दवाखाना लहान, पण खिडक्या मोठ्या, आणि मोठे डॉक्टर मनमोकळे वाटले. गावात घरटी एक ससा. साथ आल्यापासून शंभरावर ससे दगावले म्हणे. सकाळी गाजर खाणारा ससा संध्याकाळी नाकातून रक्त येऊन गार. घरोघर जाऊन लस टोचायची, एवढंच माझं काम. राहायला मागेच खोली मिळाली. घरमालकीण मावशींनी पहिल्या दिवशीच माझं नाव ‘ससेवाली’ ठेवून टाकलं.

५ तारीख, बुधवार

एका कुपीत दहा डोस. फोडली की त्याच दिवशी संपवायची. आज अकरा घरं फिरले आणि ससे टोचले चार. सहा डोस वाया. कुठे मालक बाहेर, कुठे ससा झोपलाय, कुठे तो ‘आत्ताच जेवलाय’. जणू मी त्याला पोहायला नेणार होते. शिंप्याकडे पोचले तर ससा मेलेला. त्याची लेक पिंजऱ्याला डोकं टेकून बसली होती. मीच तो परसात पुरला, वर चुना टाकला. डाव्या कानाला जुनी चीर होती त्याच्या. कालच या घरी आले असते तर कदाचित वाचला असता. स्वतःचाच राग येतोय.

८ तारीख, शनिवार

शिंप्याच्या पिंजऱ्यात ससा. नवा आणला का, विचारलं. नवा कशाला, आपलाच आहे, आला परत, असं तो म्हणाला. कानाला तीच चीर. लेक त्याला मांडीवर घेऊन हसत होती. मी सशाच्या छातीला स्टेथोस्कोपची नळी लावली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. ठोका नाही. ससा माझ्याकडे बघत पाला चावत होता. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, नळी बदलून घे.

११ तारीख, मंगळवार

चौदा घरं, चौदाही ठिकाणी नको. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. आधी निदान सबबी तरी सांगायचे. आता तोंडावर सांगतात, एकदा मरू द्या बाई, परत येतोच, मग कटकट नाही. आजारपण नाही, म्हातारपण नाही. एका निवृत्त शिक्षिकेने तापाने फणफणलेला ससा उशीवर ठेवला आणि शेजारी वाट बघत बसली. मी हात जोडले, ओरडले. तिने मला पाणी दिलं. डॉक्टरांशी भांडले, तर ते शांतपणे म्हणाले, लोक सुखी आहेत ना, मग आपण कशाला मधे पडायचं.

१३ तारीख, गुरुवार

शिक्षिकेचा ससा चावला. परत आलेला. अंगठ्यात दोन दात खोल रुतले. वरच्या कचेरीला फोन केला. चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं, मग म्हणाले, छापील नमुना भरा. नमुन्यात प्राण्यासाठी दोनच रकाने आहेत, जिवंत आणि मृत. कोणता भरू, विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

१४ तारीख

ताप. दुपारी नाकातून रक्त आलं, थोडंच. मावशींना म्हटलं, गाडी बोलवा, मोठ्या इस्पितळात न्या. हो म्हणाल्या.

१५ तारीख

गाडी नाही. कळवलंय म्हणतात. माझा फोन त्यांच्याकडे— चार्जिंगला लावलाय म्हणे. शिंपी येऊन गेला, लेक आली, शिक्षिका आली. औषध कुणीच आणलं नाही. पायाशी बसून मायेनं बघत होते, मरणाऱ्या सशाकडे बघायचे तसेच—

१६, दुपार

डॉक्टर आले. वाटलं, सुटले. त्यांनी नाडी धरली. हात गार. मी उलट त्यांचं मनगट चाचपलं, बराच वेळ— काही नाही. कधीपासून, विचारलं. साथीच्या पहिल्याच आठवड्यात, म्हणाले. मुळीच दुखत नाही, म्हणाले.

१६, नंतर

उठवत नाही. मावशी केस विंचरतायत. मला हे नकोय. शुद्धीत लिहितेय— नकोय. कुणी वाचलं तर— उद्या मी दार उघडलं, हसले, बरी आहे म्हणाले, तरी आत येऊ नका. ती मी